नेरकर मास्तर गाव बघायला निघाले

नेरकर मास्तर कुणाच्याही घरी गेले की बसायच्या आधी पाणी मागत. तहानेचा काही संबंध नसे. पेला हातात आला की एक घोट तोंडात घ्यायचा, गाल फुगवून तो इकडून तिकडे फिरवायचा, डोळे बारीक करायचे आणि मग गिळायचा. तोवर घरच्यांनी गप्प बसायचं. मग निकाल लागायचा. "बोअरचं मिसळताय. जड आहे. डाळ शिजायला वेळ लागत असेल तुमच्याकडे." किंवा, "टाकी कधी धुतली? गणपतीत? या गणपतीत की मागच्या?" एवढं बोलून झालं की ते खुर्चीवर टेकत. घरच्या बाईचा चेहरा उतरलाय हे त्यांच्या गावीही नसे.

आमच्याकडे ते पहिल्यांदा आले तेव्हा माझ्या लग्नाला जेमतेम महिना झाला होता. मी अमळनेरहून नवी नवी सुरतेला आलेली. पहिला पाहुणा म्हणून मी पितळी तांब्या घासून लखलखीत केला होता. मास्तरांनी घोट घेतला, गिळला आणि म्हणाले, "तांब्याला चिंच जास्त झाली." मला असा राग आला! ते गेल्यावर मी ह्यांना म्हटलं, "कोण समजतात हे स्वतःला?" आमचे हे लूमच्या कारखान्यात मेस्त्री, त्यांना माणसांची सवय. ते हसून म्हणाले, "रंगमास्तर आहेत ते. पाण्यावरच त्यांचं पोट आहे. मनावर घेऊ नकोस."

पांडेसऱ्यातल्या एका प्रोसेस हाउसमध्ये मास्तर कापड रंगवण्याच्या खात्याचे प्रमुख होते. शेठनं साडीचा एक तुकडा टेबलावर टाकायचा आणि मास्तरांनी नेमका तोच रंग गाड्याच्या गाड्या कापडावर उतरवायचा, असं ते काम. त्यांची नखं कधीच नखांच्या रंगाची नसत. रंगवून उरलेलं पाणी मिलमागच्या खाडीत जाई, म्हणून खाडीही रोज वेगळी. पोरं शाळेत जाताना खाडीत डोकावून ओरडत, "आज राणी कलर!" लग्नसराई आली की खाडी लाल व्हायची. विमलअक्का, म्हणजे मास्तरांची बायको, मला म्हणायची, "यांची मिल काय चालवतेय ते मला यांना विचारावं लागत नाही. पुलावर उभं राहिलं की झालं."

अक्काची आणि आमची भिंत एकच होती. तिला मूलबाळ नव्हतं. त्या दोघांचं आपसातलं बोलणं सगळं अहिराणीत, आणि भिंत पातळ असल्यानं मला ते माहेरच्या माणसांसारखं ऐकू यायचं. भांडण मात्र कधी ऐकलं नाही. मास्तर तिला सकाळी हाक मारत ती नळ आला की. "विमल, उना!" म्हणजे आला. आणि लगबगीनं स्वतःच हंडे भरायला लागत. मिलमध्ये ज्याच्या हाताखाली पन्नास माणसं होती तो माणूस लुंगी खोचून नळाखाली बसलेला बघताना गल्लीतले गुजराती शेजारी गालात हसत. अक्काला ते हंड्याला हात लावू देत नसत.

त्यामागची गोष्ट मला अक्कानंच सांगितली. मास्तर शिंदखेड्याकडच्या एका कोरड्या गावचे. त्या गावात कुणी मुलगी देत नसे. आमच्या खान्देशात मुलीकडचे लोक घर बघायला जातात, तेव्हा घराआधी पाणवठा बघतात. आपली पोर डोक्यावर हंडा घेऊन किती लांब चालणार, हे तिथंच कळतं. अक्काचे वडील पिंपळनेरकडचे. ते मास्तरांच्या गावी गेले, आटलेली विहीर बघितली आणि गुळाचा खडाही तोंडात न घालता परत फिरले. मग मास्तर सुरतेला आले, रंगखात्यात चिकटले, भाड्याची खोली घेतली आणि पिंपळनेरला जाऊन सासऱ्यांना म्हणाले, "माझ्या घरात नळ आहे. तुमची मुलगी डोक्यावर हंडा घेणार नाही. शब्द देतो." त्या शब्दावर लग्न झालं. अक्का हे सांगताना लाजली होती, चाळिशी उलटलेली बाई!

असा शब्द पाळणारा नवरा मिळाला म्हणून मी तिचा हेवा करत असे. पुढे हेवा कधी संपला ते कळलंही नाही.

अक्काला दमा होता. पांडेसऱ्यात तेव्हा जिकडे बघावं तिकडे कोळशाच्या चिमण्या. दोरीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या कपड्यांवर संध्याकाळपर्यंत काळी भुकटी बसायची. आम्ही कपडे झटकून आत घ्यायचो आणि विसरून जायचो, पण अक्काच्या छातीला विसरता येत नव्हतं. थंडीत धूर खाली बसला की तिच्या श्वासाची शिटी मला भिंतीपलीकडून ऐकू येई. आडवं झालं की जीव घुसमटे, म्हणून ती भिंतीला पाठ टेकून, मांडीवर उशी घेऊन बसल्या बसल्या झोपायची. आमची भिंत तीच. कधी कधी मी माझ्या बाजूनं तिथं हात ठेवायची.

एका हिवाळ्यात डॉक्टरांनी मास्तरांना सरळ सांगितलं, "औषधं देतो, पण हवा बदला. इथं राहिल्या तर टिकणार नाहीत."

दुसऱ्या दिवशी मास्तर माझ्या ऑफिसात हजर. मी तेव्हा रिंगरोडवर एका ट्रॅव्हल एजंटकडे तिकिटं लिहायला होते. परदेशी तिकिटं तेव्हा हातानं लिहायची, लाल कार्बनच्या चोपड्यांमध्ये. गिऱ्हाईक सगळं हिऱ्याचं नाहीतर कापडाचं. मास्तर काउंटरसमोर बसले, पाणी मागितलं, चाखलं, त्यावर काहीच बोलले नाहीत. तेव्हाच मला कळायला हवं होतं की काहीतरी गंभीर आहे. मग म्हणाले, "शैलाताई, गाव बदलायचं ठरवलंय. विमलसाठी. पण न बघता कुठं जायचं नाही. सगळी गावं एका फेरीत बघायची. तिकीट तसं होतं का?"

त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. सुरतेच्या रंगमास्तरांना तेव्हा बाहेर मागणी होती. मास्तरांच्या बरोबरीचा एकजण केनियात थिक्याला होता, एक इंडोनेशियात बांडुंगला, आणि त्यांचा जिवलग देवरे मॉरिशसला. तिघंही 'या' म्हणत होते. मी भिंतीवरच्या नकाशावर बोटानं दाखवलं. मुंबई, नैरोबी, मॉरिशस, सिंगापूर, जकार्ता, परत मुंबई. मास्तर उठून नकाशाजवळ गेले आणि बराच वेळ बघत राहिले. "बैलगाडीनं सोयरिकी बघत फिरायचे ना आमचे वडील, तसंच आहे हे," म्हणाले. त्यांना इतकं खुशीत मी त्याआधी बघितलं नव्हतं.

मी म्हटलं, "मग कधीचं काढू?"

"थांबा. आधी पाणी बघू दे."

आणि इथंच सगळं फसलं. ज्या माणसाला मुलगी मिळाली ती नळामुळे, आणि पुढं वीस-बावीस वर्षं ज्यानं पाणी जोखून भाकरी खाल्ली, त्याला गाव म्हटलं की पाणीच दिसणार. डॉक्टरांनी हवा म्हटलेलं त्यांनी ऐकलं होतं, पण त्यांच्या डोक्यात ते शिरताना पाणी होऊन शिरलं. "चांगलं पाणी असेल तिथं हवा वाईट कशी असेल?" असं ते मला विचारत, आणि उत्तराची वाट न बघता पुढं बोलत.

तिन्ही गावांचं नळाचं पाणी मागवायचं ठरलं. पत्रं गेली. कुणी सुट्टीवर येईल तेव्हा बाटली भरून आणावी. आता आफ्रिकेतून सुट्टीवर येणारा माणूस रोज थोडाच येतो? थिक्याच्या पाण्याला सहा-सात महिने लागले. शेवटी आमच्या शेठचं एक हिऱ्याचं गिऱ्हाईक नैरोबीला निघालं होतं, त्याच्या गळ्यात मी ते काम घातलं. बिचाऱ्यानं आणलं, पण मुंबईला कस्टमवाल्यांनी बाटली पकडली. हिऱ्याचा व्यापारी आफ्रिकेतून साधं पाणी आणतोय, हे कोण खरं मानणार? त्यांनी त्याला समोर बसवून अर्धी बाटली प्यायला लावली. तो सुरतेला आला तो थेट आमच्या ऑफिसात. "शैलाबेन, हवे पछी मने कंई लाववानुं नहीं कहेतां!" यापुढे मला काही आणायला सांगू नका म्हणून त्यानं हात जोडले. मास्तरांनी मात्र उरलेली अर्धी बाटली अशी छातीशी धरली की विचारू नका.

त्या रविवारी परीक्षा झाली. निम्म्या पाण्यात मास्तरांनी पांढरी चिंधी फिकट पिस्ता रंगात बुडवली, कारण फिकट रंगात पाण्याची खोड लपत नाही. निम्म्या पाण्यात अक्कानं मूठभर तुरीची डाळ शिजत घातली. आम्ही चौघं स्टोभोवती बसलो. डाळ काही मऊ होईना. मास्तरांनी दाणा बोटांत दाबला आणि मान हलवली. "नापास." तरी ती डाळ फोडणी देऊन आम्ही जेवलोच. आमचे हे म्हणाले, "चला, आज आफ्रिका जेवलो." अक्का खूप हसली. हसता हसता तिला ठसका लागला, ठसक्याचा खोकला झाला, आणि ती उठून दाराशी जाऊन उभी राहिली. मास्तर तिच्यासाठी पाणी घेऊन धावले.

ते आत गेल्यावर ती मला हळूच म्हणाली, "त्यास्ले पानी दिसस, शैला. माले हवा लागस."

"मग सांग ना त्यांना," मी म्हटलं.

ती म्हणाली, "इतक्या जिवानं करतायत. मी कोणत्या तोंडानं सांगू, की तुम्ही चुकताय?"

मी सांगून बघितलं. एकदा नाही, पाच-सहा वेळा. मी बोलायला फटकळच आहे. मास्तर ऐकून घेत, "बरोबर आहे तुमचं," म्हणत, आणि दुसऱ्या दिवशी बांडुंगहून कोण येणार याची चौकशी करत. मला वाटतं, परीक्षा चालू आहे तोवर काहीतरी चाललंय असा त्यांना धीर असे. गाव ठरलं की खरोखर निघावं लागलं असतं. रोज सकाळी बायकोचा श्वास ऐकून मिलमध्ये जायचं आणि त्याच चिमणीखाली उभं राहायचं, हे पेलायला माणसाला काहीतरी हाताशी लागतंच.

मग प्लेग आला. भादव्यात सुरतेत ती बातमी फुटली आणि शहर दोन दिवसांत रिकामं झालं. रुमाल बांधलेली माणसं गाड्यांच्या टपांवर बसून गावाकडे निघाली. आम्ही अमळनेरला गेलो, मास्तर अक्काला घेऊन पिंपळनेरला तिच्या भावाकडे. तिथं लोकांनी त्यांना वेशीच्या आत घेतलं नाही. सुरतेची माणसं म्हणजे रोग. भावानं हातापाया पडून गावाबाहेर खळ्यावर एका झापात, गवती झोपडीत, त्यांची सोय केली. भाकरी लांबून ठेवून जायचा. जावयाची ही तऱ्हा!

पण परत आल्यावर मास्तर मला हे सगळं सांगताना खुशीत होते. "अपमान वगैरे सोडा हो. तिथं विमल आडवी झोपली, शैलाताई! सरळ, पाय लांब करून. मी उठून उठून बघत होतो. दहा-बारा दिवसांनी तर बांधाबांधानं टेकडीपर्यंत चालत गेली."

मी म्हटलं, "मग परत का आलात?"

ते गोंधळले. मी काहीतरी वेड्यासारखं विचारल्यासारखं त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तिथं पाण्याचे हाल आहेत ना आता. पाटाला पाणी नाही. तिच्या भावजया लांबून हंडे आणतात. मी सासऱ्यांना काय शब्द दिला होता?"

अक्का तिथं त्यांना म्हणाली होती, "आठेच ऱ्हाऊत ना." इथंच राहू या. एवढंच. तिनं जन्मात नवऱ्याजवळ काही मागितलं असेल तर ते हे. आणि मास्तर म्हणाले होते, "आठे पानी कोठे शे?" मग तिनं पुन्हा विषय काढला नाही. मिलचे भोंगे सुरू झाले तसे दोघं परतले. भावानं तिला ठेवून घ्यायची तयारी दाखवली होती, पण एकटं राहून नवऱ्याच्या जेवणाचे हाल करणं तिला जमणारं नव्हतं. मी तिला पुष्कळ बोलले. ती आपली हसत राहिली. तेव्हापासून ती पुन्हा भिंतीला टेकून झोपायला लागली.

प्लेगनंतर सुरत झाडून-पुसून चकचकीत झाली. कचऱ्याच्या गाड्या वेळेवर यायला लागल्या, बाहेरचे लोक शहर बघायला यायला लागले. मास्तर म्हणाले, "बघा, सुधारतंय सगळं." रस्ते सुधारले होते. चिमण्या होत्या तिथंच होत्या.

बांडुंगचं पाणी त्यानंतरच्या वर्षी आलं. डाळ शिजली, पण वास येत होता. मॉरिशसचं घेऊन देवरेच स्वतः सुट्टीवर आले. त्या पाण्यात डाळ अशी मेणासारखी शिजली आणि पिस्ता रंग असा उमलला की मास्तरांचे डोळे भरून आले. "हे गाव!" म्हणाले. मला वाटलं, आता तरी निघतील. तर म्हणतात, "पण तिन्ही गावं बघायची. एकाच स्थळावर हुरळून जायचं नसतं. नापास झालेल्यालाही एक संधी द्यावी."

पासपोर्ट झाले. अक्काचा फोटो काढायला मीच तिला उधन्याला नेलं. स्टुडिओचे चार जिने चढून गेल्यावर तिला पंधरा मिनिटं बसवावं लागलं. फोटोवाला घाईत होता. म्हणाला, "मासी, श्वास रोको." अक्का त्याला म्हणाली, "भाऊ, पहिले लेऊ दे, मंग रोकसू." आधी घेऊ तर दे, मग रोखते. त्या फोटोत ती ओठ दाबून हसू आवरताना दिसते. पासपोर्टावर असा फोटो मी दुसऱ्या कुणाचा पाहिलेला नाही.

तिकिटं मीच लिहिली. दोन चोपड्या, प्रत्येक गावासाठी एक पान. इतकं सुवाच्य अक्षर मी परीक्षेतही काढलं नसेल. निघायच्या आठवड्यात मास्तर अक्काला डॉक्टरांकडे घेऊन गेले, विमानात लागणारी औषधं लिहून घ्यायला. डॉक्टरांनी छाती ऐकली आणि विमानाचं नाव काढू नका म्हणाले. आता उशीर झाला, असं ते स्पष्ट म्हणाले नाहीत, पण मास्तर घरी आले तेव्हा ते त्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं. ओट्यावर बसून राहिले. नळ आला तरी उठले नाहीत. अक्कानंच आतून हाक मारली, "उना!" त्या दिवशी आमच्या ह्यांनी त्यांचे हंडे भरले.

मी म्हटलं, "मास्तर, रद्द करा. पिंपळनेरला घेऊन जा त्यांना. आत्ताच्या आत्ता."

अक्काच मध्ये पडली. "नको ग. इतकी वर्षं त्यांनी डोळ्यांत तेल घालून वाट बघितली. बघून येऊ दे. गाव ठरलं की मी तिथं बोटीनं जाईन." बोटीनं! ती स्वतःच यावर हसली. मग नवऱ्याकडे वळून म्हणाली, "तुम्हीन जा. पाही या. मी आठेच शे, मी कोठे जास?"

अक्काची पासपोर्टची पिशवी तिच्या कपाटात राहिली आणि मास्तर एकटे गेले. सुरत स्टेशनवर आम्ही सोडायला गेलो होतो. अक्का घरीच होती. गाडी हलली तेव्हा मास्तर दारात उभे राहून मला ओरडून सांगत होते, "तिला गरम पाणी द्या! कोमट नाही, गरम!"

नैरोबीहून त्यांचा फोन ऑफिसात आला. आवाज तुटत होता. पहिला प्रश्न, "श्वास कसा आहे तिचा?" मी खरं ते सांगितलं, की बरा नाही, लवकर या. ते म्हणाले, "थिका रद्द. उद्याच मॉरिशस." त्यानंतर चार-पाच दिवसांनी, एका गुरुवारी दुपारी, अक्काला हॉस्पिटलात नेलं. रिक्षात ती माझ्या खांद्यावर टेकली होती. काही बोलायचं होतं तिला, पण बोलण्याएवढा श्वास तिच्याकडे शिल्लक नव्हता. हॉस्पिटलच्या दारात स्ट्रेचर येईपर्यंत ती गेली. माझ्या खांद्यावरच गेली.

मी मॉरिशसला फोन लावला. देवरेंच्या मिलमधून कळलं, दोघं गाव बघायला गेलेत, कुठं ते माहीत नाही. नंतर रात्रीपर्यंत पुन्हा लाइनच लागली नाही. दुसऱ्या दिवशी तिकिटाप्रमाणे मास्तर सिंगापूरच्या वाटेवर असणार, म्हणून मी जकार्ताला, बांडुंगला, जिथं जिथं म्हणून नंबर होता तिथं निरोप ठेवले. मास्तर येतील त्या क्षणी त्यांना परत पाठवा. मी स्वतः लिहिलेलं तिकीट होतं, प्रत्येक पान मला पाठ होतं. इकडे प्रेत किती थांबवणार? पिंपळनेरहून भाऊ आला आणि त्यानं अग्नी दिला.

मास्तर बांडुंगला गेलेच नाहीत. मॉरिशसला गाव सापडलं तसं त्यांनी पुढचं सगळं टाकलं, होता नव्हता तो सगळा वशिला लावून सरळ मुंबईचं विमान पकडलं. आनंदात सुटलेल्या माणसाला निरोप कुठं गाठणार? मुंबईहून त्यांनी ऑफिसात फोन केला तो शेठनी घेतला. शेठना धीर झाला नाही. ते एवढंच म्हणाले, "आवो, आवो."

नंतरचं आधीच सांगून टाकते. मास्तर त्यानंतर आमच्या गल्लीत राहिले नाहीत. मिलमधून हिशेब न घेताच निघून गेले. मेव्हण्याबरोबर पिंपळनेरला काही दिवस होते म्हणतात. देवरेंनी मॉरिशसहून पुष्कळ पत्रं पाठवली, ती आमच्याकडेच येऊन पडत. त्यांच्या खोलीत कडोदऱ्याचं एक कुटुंब राहायला आलं. भिंतीपलीकडे आता रेडिओ वाजे. माझ्या डोळ्यांपुढं मास्तर राहिलेत ते परत आले त्या दुपारचे, स्टेशनवरून घरी येताना, रिक्षातले.

आम्ही दोघं त्यांना आणायला गेलो होतो. ठरलं होतं की हे सांगतील. गाडी आली, मास्तर उतरले, आणि मला बघताच बोलायला लागले ते थांबेचनात. ह्यांनी त्यांच्या हातातली बॅग घेतली आणि रिक्षा बोलावली. रिक्षात मास्तर आम्हा दोघांच्या मध्ये बसले. "शैलाताई, उंचावर आहे ते गाव. देवरे खाली राहतो, मिलजवळ, तिथं नको म्हटलं. वर नेलं त्यानं मला. सकाळी उठलो, खिडकीवरून बोट फिरवलं. बोट स्वच्छ! तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला बघा. मी गाढव. तुम्ही म्हणत होतात, मी ऐकलं नाही. पाणी मी प्यायलोसुद्धा नाही तिथं, विसरलो. नुसता श्वास घेत बसलो होतो. तिच्यासारखा घेऊन बघितला, तोंड उघडं ठेवून. दोन खोल्या ठरवल्यात. पुढं व्हरांडा आहे, तिथं तिची खुर्ची. डॉक्टर म्हणतात विमान नको, तर बोटीची चौकशी करून आलोय. मुंबईहून जातात. आणि एक करा, तिला तुम्ही आधी काही सांगू नका हं. मला सांगू द्या."

उधना दरवाज्याशी सिग्नल लागला होता. मला ते सहन होईना. मी म्हटलं, "मास्तर, अक्का गेल्या."

"व्हरांड्याला पूर्वेचं ऊन येतं," ते म्हणाले. मग ह्यांच्याकडे वळून म्हणाले, "कधी?"

"गुरुवारी. दुपारी."

"गुरुवारी," मास्तर म्हणाले. "गुरुवारी दुपारी मी खोल्या ठरवल्या."

सिग्नल सुटला, रिक्षा हलली, आणि मास्तर एकदम पुढे झुकून रिक्षावाल्याचा खांदा हलवायला लागले. "थांबव, घरी नको. घरी नको रे बाबा." त्यानं बाजूला घेऊन रिक्षा उभी केली. मागून हॉर्न वाजत होते. तो वळून बघायला लागला, आधी त्यांच्याकडे, मग माझ्याकडे. "काका, तो क्यां जवानुं?" त्यानं विचारलं. मग कुठं जायचं, म्हणून त्यानं पुन्हा विचारलं.

मास्तर माझ्याकडे वळले. "तुम्ही सांगा त्याला, शैलाताई," म्हणाले. "मला आता कुठलं गाव आठवत नाही."

ह्यांनी त्यांचा हात धरला. मी रिक्षावाल्याला पांडेसरा म्हणून सांगितलं. दुसरं कुठलं सांगणार होते?